नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग: पोहता न येणाऱ्या घरासाठी

आधी आमच्या घराबद्दल सांगते, म्हणजे हा अनुभव तुमच्या कितपत कामाचा ते तुम्हाला ठरवता येईल. आम्ही पाच जण. नागपूरच्या महाल भागात माझं शिवणकामाचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आमचे हे लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकले. मोठी १३ वर्षांची, लहाना ८ वर्षांचा आणि सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) ६४ वर्षांच्या. आमच्या ह्यांना सोडून घरात कोणालाही पोहता येत नाही. आपल्या नागपूरकरांचं पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी, तेही काठावर बसून बघायचं. समुद्राला जायचं तर कोणत्याही दिशेला रात्रभराची गाडी.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अंदमानला जाऊन आलो. रेल्वेने चेन्नई आणि तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. तिथे स्नॉर्केलिंग दोनदा केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघायचं. पहिल्यांदा हॅवलॉक बेटाच्या एलिफंट बीचवर केलं, दुसऱ्यांदा नील बेटाच्या भरतपूर किनाऱ्यावर. पहिल्या वेळी लहाना रडत बाहेर आला आणि आईंनी पाण्यात पायही घातला नाही. दुसऱ्या वेळी लहाना बाहेर यायला तयार नव्हता आणि आई अर्धा तास पाण्यावर तरंगत होत्या. तीन दिवसांत एवढा फरक कशाने पडला, तेच सविस्तर लिहिते.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून एक सांगून ठेवते. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजय पुरम. तिकिटांवर नवी नावं दिसतात, बोलताना लोक जुनीच घेतात. तिकीट काढताना आमचाही पाच मिनिटं गोंधळ झाला होता.

पहिल्या वेळचं आधी. एलिफंट बीचला हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोटीने जायचं किंवा जंगलातल्या पायवाटेने चालत. जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही. एके काळी या बेटांवर लाकूड ओढायला हत्ती आणले होते. त्यातला राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये गेला. मुलांना त्याचे फोटो दाखवतच आम्ही बोटीत बसलो. बोटीच्या तिकिटातच स्नॉर्केलिंगची एक फेरी होती. ती फेरी दहा मिनिटांची आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. प्लास्टिकच्या टबात मास्क पडलेले, हाताला लागेल तो डोक्यावर चढवायचा. लहान्याला मोठ्या माणसाचा मास्क मिळाला. पाण्यावर तरंगणाऱ्या एका रिंगला चार जण धरून, आणि एक मुलगा ती रिंग ओढत निघालेला. मास्कमध्ये पाणी शिरलं, लहान्याने घाबरून नाकाने श्वास घेतला, ते खारं पाणी नाकातून घशात गेलं आणि तो खोकत सुटला. वरून आवाज येतोय, "नीचे देखो, नीचे देखो, फोटो!" त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यामागे किनाऱ्यावर वीस माणसं ताटकळत उभी होती. पण दमला की तो सरळ खाली प्रवाळावर उभा राहायचा, ते मला आवडलं नाही. आम्हाला व्हिडिओ मिळाला. त्यात लहान्याचा चेहरा बघवत नाही.

त्या रात्री त्याने जाहीर केलं, "मी आता समुद्रात जाणार नाही."

नीलला आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. हॅवलॉकहून बोटीने तासाभराचा प्रवास. छोटंसं बेट, पाच-सहा गावं, आणि गावांची नावं ऐकून आई उठूनच बसल्या: रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. "आपल्या रामटेकावानीच हाय हे त," म्हणाल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या, त्यांची ही गावं. अजूनही घराघरात बांगला बोलतात, भातशेती करतात, भाजीपाला पिकवतात. आम्हाला पाण्यात नेणारे दोघे भाऊही अशाच घरातले. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं. नाव-नंबर इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण नीलवर असं काम करणारे बरेच जण आहेत. कोणाला निवडायचं हे ओळखायला पुढचं वाचा.

थोरला भाऊ आदल्या संध्याकाळीच घरी आला, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत नऊ-दहा मास्क. पैशाचं बोलायच्या आधी त्याने विचारलं, "डर किसको लगता है?" लहान्याने मान खाली घातली. तो अंगणात त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि पिशवीतले मास्क एकेक करून त्याच्या चेहऱ्याला लावून बघू लागला. पट्टा डोक्यावरून न घेताच. मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. पहिले दोन गळून पडले. तिसरा चिकटला, आणि लहाना हात न लावता मास्क चेहऱ्यावर घेऊन अंगणात फिरू लागला.

मी बघतच राहिले. माझं रोजचं काम हेच आहे. मास्कच्या काचेभोवती सिलिकॉनची मऊ झालर असते. ती झालर कपाळापासून वरच्या ओठापर्यंत सगळीकडे सारखी टेकली पाहिजे, कुठे झोळ नको, कुठे ओढ नको. नवख्या बाईला वाटतं ब्लाउज सैल आहे म्हणून हुक आणखी घट्ट लावावा. पण मुंढा चुकला असेल तर हुक कितीही घट्ट लावा, ब्लाउज बसत नाही. मास्कचंही तसंच. पाणी शिरतं म्हणून एलिफंट बीचवर त्या मुलाने लहान्याचा पट्टा दोनदा आवळला होता, आणि आवळल्यावर पाणी जास्तच शिरलं. कारण पट्टा ओढला की झालर एका बाजूने मुडपते. पट्ट्याचं काम मास्क जागेवर राखायचं एवढंच. तो कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, बोट जाईल इतका सैल हवा.

मग प्रत्येकाची तपासणी झाली. मोठीच्या कपाळावरच्या बटा झालरीखाली येत होत्या. एक केससुद्धा मध्ये आला तर तिथून पाणी झिरपतं. तिची वेणी मानेवर सैल घालायला लावली. माझी टिकली नेमकी झालर टेकते तिथेच येत होती, ती काढली. यांच्या मिशा नाकाखाली दाट, तिथून हवा आत येत होती. माझ्या शिवणाच्या डबीतली छोटी कात्री सामानात होतीच, नाकाच्या लगतची बोटभर रेघ मी तिथेच कापली. त्यानंतर मास्क बसला.

नळीच्या बाबतीतही माप असतं, हे तिथे कळलं. लहान मुलाला मोठ्यांची लांब-रुंद नळी देऊ नये. आपण सोडलेला श्वास नळीतच साठतो आणि पोर तोच परत घेत राहतं. मुलांची नळी आखूड आणि बारीक असते. पूर्ण चेहरा झाकणारे फुल-फेस मास्क किनाऱ्यावर एक जण भाड्याने देत होता. दिसायला सोपे वाटतात, नाकाने श्वास घेता येतो. पण या भावांनी ते ठेवलेलेच नाहीत. त्यात हवेची ये-जा नीट झाली नाही तर सोडलेली हवा आत कोंडते, आणि घाबरलं तर नळी थुंकून टाकायची सोय नसते, मास्कच उपटून काढावा लागतो. मला थोरल्या भावाचं म्हणणं पटलं.

जाताना त्याने घरच्या मालकीणबाईंकडून निळा टब मागितला, पाण्याने भरला आणि लहान्याला म्हणाला, "आज का समंदर यही है." मास्क लावून, नळी तोंडात धरून, चेहरा टबात. श्वास नळीने. वीस मोजायचे आणि वर यायचं. लहाना दहावर वर आला, मग पंधरावर, मग त्याने शंभर मोजले. आमच्या घरी तांब्याचं मोठं घंगाळ पडून आहे. नागपुरात बसून आठ दिवस आधीच हे करता आलं असतं. तुम्ही नक्की करा. घरच्या घरी, कोमट पाण्यात, ओळखीच्या माणसांसमोर पोराची भीती जाते ती समुद्रावर घालवायला दहापट त्रास होतो.

वेळ त्याने ठरवली, आम्ही नाही. "जोयार" चढत असताना जायचं, म्हणाला, म्हणजे भरती. सकाळी साडेसात. तेव्हा पाणी प्रवाळावर पुरेसं असतं, पोट घासत नाही, आणि काचेच्या तळाच्या बोटी आणि पाण्यावरच्या स्कूटरींची वर्दळ सुरू झालेली नसते. त्याच दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो तर पाणी लांब मागे सरलेलं, प्रवाळाची टोकं उघडी पडलेली, होड्या वाळूत टेकलेल्या. सकाळी आम्ही जिथे तरंगलो तिथे बगळा चालत होता. कोकणातल्या माणसाला उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती तिथीवरून कळते, आपल्याला ते गणित ठाऊक नसतं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे माझी साडेसातची वेळ तुमच्या तारखेला चालणार नाही. हॉटेलवाल्याला "बीच किती वाजता" असं विचारू नका, "भरती किती वाजता" असं विचारा. आणि तिथे दिवस लवकर सुरू होऊन लवकर मावळतो, जानेवारीत सव्वापाचच्या आसपास सूर्य जातो. दुपारचे बेत आखताना हे लक्षात ठेवा.

आता पाण्यातलं.

भरतपूरची वाळू पांढरी आणि उतार अगदी हळू, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात बराच वेळ उभं राहता येतं. पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त उभे होतो. दोन्ही हात गुडघ्यांवर, वाकून चेहरा पाण्यात, नळीने श्वास. कोणी कुठे ओढत नव्हतं, कॅमेरा बाहेर काढलेला नव्हता. नळीत पाणी आलं तर काय करायचं, हे त्याने मुद्दाम पाणी घालून शिकवलं: "टू" म्हणून जोरात फुंक मारायची, पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये पाणी आलं तर उभं राहायचं, खालची कड किंचित उचलायची, पाणी ओतून द्यायचं. एवढंच. लहान्याने ते चार-पाच वेळा केलं आणि नंतर तो स्वतःच मुद्दाम पाणी भरून घेऊ लागला. एलिफंट बीचवर ज्याने त्याला रडवलं होतं, तेच त्याचं खेळणं झालं. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच सुटला.

काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकून विसळायची पद्धत आहे. आईंनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. उष्टं करून तोंडाला लावायचं त्यांना जमणार नव्हतं. धाकट्या भावाने काही न बोलता खिशातून लहान बाळांच्या शाम्पूची छोटी बाटली काढली, एक थेंब काचेवर फिरवला, विसळला. तोही उपाय तितकाच चालतो.

मग पाय सुटले. मी रिंगला धरून, मोठी माझ्या शेजारी, लहाना थोरल्या भावाच्या करंगळीला धरून. खारं पाणी अंग वर उचलतं, त्यात लाइफ जॅकेट, माणूस सहजासहजी बुडत नाही, फक्त ते अंगाला पटायला वेळ लागतो. मला पहिल्यांदा जाणवला तो आवाज. पाण्याखाली शांतता असेल असं वाटलं होतं, पण तिथे सतत तडतड चालू असते, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. त्यातला बराचसा आवाज छोट्या कोळंब्यांच्या नांग्यांचा असतो, आणि काही पोपटमासे दगड कुरतडत असतात त्याचा. पोपटमासा मी अगदी जवळून बघितला. हिरवा-निळा, कडेला गुलाबी, आणि तोंड खरंच पोपटाच्या चोचीसारखं. तो प्रवाळाचा दगड चोचीने खरवडतो, त्यातलं खाण्याजोगं पोटात ठेवतो आणि बाकीची पूड मागून सोडतो. असा एक ढग मी पडताना बघितला, पांढरा, बारीक. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा आहे. मोठीने हे ऐकल्यावर परत येताना ती वाळू मुठीत घेऊन कितीतरी वेळ बघितली.

काळे-पिवळे पट्टे असलेले मासे घोळक्याने येऊन मास्कसमोर थांबतात. समुद्रफुलाच्या गुच्छात नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी होती, एक मोठा, एक लहान, आपण जवळ गेलो की दोघं आत शिरायचे आणि पुन्हा डोकावायचे. एका खडकात मोठा शिंपला रुतलेला, त्याच्या ओठांचा रंग मोरपंखी. थोरल्या भावाने लांबूनच हाताची सावली त्याच्यावर पाडली, आणि शिंपला हळूच मिटला. मोरपंखी म्हणून मी रोज जे कापड विकते, त्यात तो रंग नाही. मी हात पुढे केला तर वाटलं त्यापेक्षा सगळं लांब होतं. मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. त्यामुळे पायाखाली प्रवाळ आहे की नाही याचा अंदाजही चुकतो. म्हणून उभं राहायचं असेल तर फक्त वाळूवर, आणि ते विचारूनच. काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर दगडांच्या फटीत बसलेले असतात, तो काटा पायात गेला तर पुढची सगळी सहल त्यातच जाईल. रबरी तळाचे पाण्यातले बूट आम्ही नेले होते, तो खर्च योग्य होता.

आता आईंचं.

त्या पवनीच्या. वैनगंगेच्या घाटावर लहानपण गेलं, पण मुलींनी घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करायची आणि पर्वणीला नाक धरून एक बुडी घ्यायची, एवढाच त्यांचा नदीशी संबंध. किनाऱ्यावर पोचल्यावर म्हणाल्या, "मले नाही जमाचं वो बाई. तुमी जा, मी चपला सांभाळतो इथं." आम्ही आग्रह केला नाही. तासभर त्या वाळूवर बसून लहान्याची पाठ बघत होत्या. तो वर आला, नळी काढली आणि ओरडला, "आजी, खाली गाव आहे!" त्या उठल्या.

थोरल्या भावाने त्यांना आधी वाळूवरच बसवलं आणि बी.पी., साखर, दमा, हृदयाचं काही आहे का, सगळं विचारलं. बी.पी.ची गोळी चालू होती, नागपुरातून निघताना डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, ते सांगितलं. गोळी आज घेतली का, खाऊन किती वेळ झाला, तेही विचारलं. मगच मास्क. पाण्यात कमरेपर्यंत आल्यावर आईंनी चेहरा खाली नेला आणि हात आपोआप नाकाकडे गेला. बोटं काचेवर आपटली. पुन्हा तेच. साठ वर्षांची सवय होती, पाण्यात तोंड घालायचं म्हणजे नाक धरायचं आणि श्वास कोंडायचा. इथे नेमकं उलटं करायचं होतं. "मासीमा, साँस रोको मत," असं त्याने तीनदा सांगितलं, पण सांगून काही होईना. मग त्याने स्वतःचा चेहरा त्यांच्या शेजारी पाण्यात घातला आणि नळीतून मोठ्याने, सावकाश श्वास घेऊ लागला. आत, बाहेर. पाण्यात तो आवाज स्पष्ट येतो. त्याच्या आवाजाबरोबर आईंचा आवाज मिसळू लागला, आधी तुटक, मग एकसारखा. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. चार-पाच मिनिटांनी ती पकड सैल झाली. मग त्यांनी हात सोडूनच दिला, रिंगच्या दोरीला धरला, आणि त्यांचे पाय वर आले.

अर्धा तास. दोघा भावांपैकी धाकटा पूर्ण वेळ फक्त त्यांच्याबरोबर होता. वर आल्यावर मास्कच्या खुणा गालांवर, डोळे लाल, आणि पहिलं वाक्य, "माया पायाखालून गेला वो तो, माया पायाखालून!" काय गेलं ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी हाताने लांबी दाखवली, दीड हात.

कपड्यांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण बायकांचे प्रश्न तिथेच असतात. साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये हे करू नका, ओढणी आणि घोळ पायात अडकतात आणि ओलं कापड जड होतं. मी गांधीबागेतून नायलॉन-लायक्राचं कापड आणून पाचही जणांसाठी गळाबंद, पूर्ण बाह्यांचे टॉप आणि घोट्यापर्यंत पँट शिवल्या. आईंच्या टॉपला गुडघ्यापर्यंत लांबी दिली आणि बाजूला चिरा, त्यामुळे त्यांना संकोच वाटला नाही. घरी शिवणार असाल तर साधी सरळ शिलाई मारू नका, कापड ताणलं की दोरा तुटतो. झिगझॅग मारा आणि बोथट टोकाची सुई वापरा, नाहीतर कापडाला भोकं पडतात. पालथं तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्या उन्हात भाजतात, आणि पाण्यात ते कळत नाही. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीनही कमी लागतं. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. घेताना बाटलीमागची ही दोन नावं बघा. शिवाय पाणी कोमट वाटलं तरी अर्ध्या-पाऊण तासात मुलं कुडकुडायला लागतात. लहान्याचे ओठ निळसर दिसले तेव्हा त्याला बाहेर काढला, तो रुसला, पण काढला.

लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागा आणि पायांमधून जाणारा पट्टा आहे का बघा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि मूल आत लोंबकळतं. इथे तो पट्टा होता, जुना होता, पण शिवण मजबूत होती. मी ओढून बघितली.

पैसे: माणशी १,२०० रुपये, आम्हा पाच जणांना दोघे भाऊ, आणि वेळ पावणेदोन तास. एलिफंट बीचला बोटीसकट जवळपास तेवढेच गेले होते. रोख न्या, मोबाइलवरून पैसे पाठवताना नेटवर्कने दगा दिला आणि धाकटा भाऊ संध्याकाळी घरी येऊन घेऊन गेला.

आता जे आवडलं नाही. अंगावरचं खारं पाणी धुवायला किनाऱ्यावर नीट सोय नाही, एका दुकानामागे बादलीभर पाणी पैसे देऊन मिळालं. बायकांना कपडे बदलायची जागा म्हणजे ताडपत्रीचा आडोसा. नऊनंतर बोटींचा धूर आणि आवाज सुरू झाला, तेव्हा पाण्यात असणाऱ्यांना त्रास होणारच. आणि प्रवाळ. ज्यांनी फोटोंतले लाल-जांभळे बगीचे डोक्यात ठेवले असतील त्यांची इथे निराशा होईल. काठाजवळचं बरंच प्रवाळ मेलेलं आहे, करडं, तुटलेलं, शेवाळ चढलेलं. प्रवाळात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला अन्न देतं आणि रंगही देतं. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापला की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतं. अंदमानात २०१० मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. आपण मे महिन्यात ४५ अंशांत कूलर लावून निभावतो, तिथे एखाद्या अंशाने गाव उजाड होतं. थोरल्या भावाने एका जागी आम्हाला थांबवून मेलेल्या दगडावर नव्याने फुटलेली बोटभर फांदी दाखवली. फिकट निळी, टोकाला पांढरी. तिथे तो बराच वेळ थांबला.

लहान्याने किनाऱ्यावरून प्रवाळाचा एक तुकडा उचलला होता. भावाने तो त्याच्याकडून घेऊन परत ठेवला. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्याच बरोबरीचं संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही आणि विमानतळावर सामानात सापडला तर अडचण होते. "तुझ्या नागपूरजवळ वाघ आहेत ना, त्याचं नख उचलशील का?" असं त्याने हिंदीत विचारलं. लहाना नाही म्हणाला.

कोणी जाऊ नये तेही सांगते. सर्दी-खोकला असेल तर थांबा, नाक बंद असताना मास्क असह्य होतो. आकाश भरलेलं असेल, पाणी गढूळ असेल, किंवा बोटवाला "काही नाही होत" म्हणत असेल तर पैसे सोडा. पावसाळा मेच्या मध्यापासून सुरू होतो, त्यानंतर हा बेत नको. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाड्यांच्या आणि तिवरांच्या बाजूला फलक लावलेले असतात, ते वाचा आणि तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेही उतरू नका. ज्यांना स्नॉर्केलिंग आधीपासून येतं त्यांनी एलिफंट बीचला सकाळच्या पहिल्या बोटीने खुशाल जावं, तिथे मासे काठाला जास्त आहेत. पण घरात एकही जण नवखा असेल तर आधी नील, मग हॅवलॉक. आमचा क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत लहान्याने दिली.

परत येताना चेन्नईत आम्ही दोन मास्क विकत घेतले, एक मुलाच्या मापाचा, एक आईंच्या. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, पावडर लावून ठेवले आहेत. नागपुरातलं कोणी अंदमानला किंवा मालवणला निघालं असेल आणि घरी टबात सराव करायचा असेल, तर माझ्या ओळखीच्यांनी दुकानातून घेऊन जावेत, परत आणून द्यावेत. फक्त येताना ज्याच्यासाठी हवा त्याला बरोबर आणा. मास्क मी त्याच्या चेहऱ्याला लावून बघेन, पट्टा नंतर.